स्किल माझं, पोस्टिंग तुमचं!

६ फेब्रुवारी २०१९. डॅलसमध्ये एनबीएची मॅच रंगात आलीये. घरचा संघ डॅलस मॅव्हरिक्स, समोर शार्लट हॉर्नेट्स. डॅलसचा हॅरिसन बार्न्स नेहमीसारखा कोर्टवर पळतोय आणि तेवढ्यात स्टेडियममधल्या लोकांच्या मोबाइलवर बातमी येऊन थडकते. बार्न्सला सॅक्रामेंटो किंग्जला देऊन टाकलंय. चक्क मॅच चालू असताना! तिसऱ्या क्वार्टरनंतर बार्न्स पुन्हा कोर्टवर उतरला नाही. पण बॅग उचलून निघूनही गेला नाही. जो संघ आता त्याचा उरलाच नव्हता, त्याच्या बेंचवर तो मॅच संपेपर्यंत बसून राहिला.

आता जरा कल्पना करा. तुम्ही क्लायंटसमोर प्रेझेंटेशन देताय, सतराव्या स्लाइडवर आहात आणि समोर बसलेल्यांच्या फोनवर मेल येतो की तुम्हाला देऊन टाकलंय. दुसऱ्या ब्रँचला नव्हे हं, दुसऱ्या कंपनीला! बदल्यात तिकडून दोन माणसं येतायत. तुम्ही उरलेल्या स्लाइड्स दाखवाल?

एनबीए पाहणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींचे सरळ दोन गट पडतात. एक गट रात्री झोपण्याआधी हायलाइट्स बघतो. करीचा अर्ध्या कोर्टवरून मारलेला थ्री, डॉन्चिचचा स्टेप-बॅक वगैरे. दुसरा गट खेळ कमी आणि ट्रेडच्या बातम्या जास्त बघतो. कोण कुठे चाललाय, कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, कुणाच्या बदल्यात कोण. मी आधी पहिल्या गटात होते. हळूहळू लक्षात आलं की या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. ज्या स्किलसाठी आपण टाळ्या वाजवतो, ते कुठे आणि कुणासोबत वापरायचं हे बहुतेक वेळा त्या खेळाडूच्या हातात नसतं. आणि जागा चुकली तर तेच स्किल अर्धं दिसतं.

नियम काय म्हणतो?

आधी थोडं शास्त्र सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. एनबीएमध्ये तुम्ही पहिली नोकरी निवडत नाही. ड्राफ्ट नावाच्या कार्यक्रमात संघ तुम्हाला निवडतात. नंतर तुम्ही करार करता तो संघाशी, पण संघ तो करार तुमच्यासकट दुसऱ्याला देऊ शकतो. त्याला म्हणायचं ट्रेड. 'मला जायचं नाही' म्हणण्याचा हक्क मिळवायचा तर लीगमध्ये किमान आठ वर्षं आणि त्याच संघाकडे किमान चार वर्षं काढलेली हवीत. वर संघाने ते करारात लिहून द्यायला हवं, आणि संघ सहसा देत नाहीत. सीझन चालू असताना ट्रेड झाला की ४८ तासांत नव्या गावात हजर व्हायचं. घर, शाळा, बायकोची नोकरी, कुत्रा... सगळं मागून.

वर सॅलरी कॅप नावाचं प्रकरण आहे. एका संघाने पगारावर किती खर्च करायचा याला मर्यादा असते. त्यामुळे दोन्हीकडून जाणाऱ्या माणसांच्या पगाराची बेरीज साधारण जुळावी लागते. म्हणजे कधीकधी एखादा खेळाडू केवळ हिशोब जुळावा म्हणून गाडीत बसवला जातो. किराणा दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवतो ना, तसं!

मी स्वतः फ्रीलान्सर. मला कोणी ट्रेड करू शकत नाही, कारण मला मुळात कोणी ठेवलेलंच नाहीये. त्यामुळे या विषयावर मी जरा तटस्थपणे बोलू शकते असा माझा समज आहे.

पूर्वी तर याहून वाईट होतं. करार संपला तरी खेळाडू सुटायचा नाही. जुन्या संघाचा त्याच्यावरचा हक्क तसाच राहायचा. ऑस्कर रॉबर्टसन हा त्या काळातला सर्वोत्तम गार्डपैकी एक आणि खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष. १९७० मध्ये त्याच्या नावाने कोर्टात केस दाखल झाली. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि दार किलकिलं झालं. पूर्ण उघडायला १९८८ उजाडलं. टॉम चेंबर्स हा करार संपल्यावर कुणाचीही परवानगी न घेता सिॲटल सोडून फिनिक्सला जाणारा पहिला खेळाडू. आज ज्याला 'फ्री एजंट' म्हणतात तो हा. हे झाल्याला अजून चाळीस वर्षंही झालेली नाहीत.

वरळीची ती संध्याकाळ

ऑक्टोबर २०१९. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएच्या दोन मॅचेस झाल्या. भारतात पहिल्यांदाच. इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. सॅक्रामेंटोच्या मालकांचं नाव विवेक रणदिवे. हो, आपलेच रणदिवे. जन्म मुंबईचा, २०१३ पासून संघाचे प्रमुख मालक. पहिली मॅच मुख्यतः शाळकरी मुलांसाठी होती. ती ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ अशी पेसर्सने जिंकली. दुसरी ५ तारखेला, शनिवारी, तीही पेसर्सनेच जिंकली, १३०-१०६. या दुसऱ्या मॅचला मी होते. मास कॉमचा कोर्स नुकताच संपलेला, खिशात पैसे नाहीत, तिकीट मैत्रिणीच्या कृपेने. बसायची जागा इतकी वर की खेळाडूंपेक्षा त्यांची टकलं जास्त दिसत होती.

पण वरून बास्केटबॉल बघायचा एक फायदा असतो. नकाशा दिसतो. चेंडू कुठे आहे यापेक्षा बाकीचे नऊ जण कुठे सरकतायत ते कळतं. आणि त्या नकाशात माझी नजर सारखी पेसर्सच्या एका दाढीवाल्या लेफ्टी सेंटरवर जात होती. डोमांतास साबोनिस. उड्या नाहीत, नाटक नाही. फ्री थ्रो लाइनच्या टोकाशी चेंडू घेऊन उभा राहायचा. एखादा सहकारी त्याला खेटून पळत जायचा आणि साबोनिस चेंडू नुसता त्याच्या हातात ठेवायचा. त्याच क्षणी आपलं धिप्पाड अंग पाठलाग करणाऱ्याच्या वाटेत उभं. पळणाऱ्याला मिळाली मोकळी जागा. याला हँडऑफ म्हणतात. दिसायला डबा पास केल्यासारखं, पण केव्हा द्यायचा, केव्हा देतोय असं दाखवून स्वतःच वळायचं, या सगळ्याचा हिशोब सेकंदाच्या तुकड्यात करावा लागतो. वडील आर्विदास साबोनिस, लिथुएनियाचे दिग्गज, पासिंगसाठी जगभर प्रसिद्ध. म्हणजे घराणं आहे.

त्याच कोर्टवर त्या वेळी दोन्ही बाजूंना कोण होतं बघा. पेसर्सकडे साबोनिस, मायल्स टर्नर, माल्कम ब्रॉग्डन. किंग्जकडे डॅरन फॉक्स, बडी हील्ड आणि आठ महिन्यांपूर्वी बेंचवर बसून राहिलेला आपला हॅरिसन बार्न्स. आता पुढचं ऐका. साबोनिस २०२२ मध्ये त्याच किंग्जकडे गेला. हील्ड त्याच ट्रेडमध्ये पेसर्सकडे आला, मग फिलाडेल्फिया, मग गोल्डन स्टेट. ब्रॉग्डन २०२२ मध्ये बोस्टनला. बार्न्स २०२४ मध्ये सॅन अँटोनियोला, त्याच्यामागोमाग फॉक्सही २०२५ मध्ये सॅन अँटोनियोला. त्या संध्याकाळी दिलेला संघांचा पत्ता जवळपास सगळ्यांचा बदलला.

साबोनिसला किंग्जकडे नेणारा तो ट्रेड, ८ फेब्रुवारी २०२२ चा, मला गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मजेदार वाटतो. कारण त्यात कोणाचं स्किल कमी-जास्त नव्हतं. फक्त जागा बदलली.

हॅलिबर्टन नावाचा पोस्टमन

किंग्जने साबोनिसच्या बदल्यात जे दिलं त्यात मुख्य होता टायरीस हॅलिबर्टन. वय २१. विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉशचा मुलगा, २०२० च्या ड्राफ्टमध्ये बाराव्या नंबरवर निवडलेला. त्याचा शॉट बघून कुठल्याही कोचला घाम फुटावा. चेंडू छातीपासून ढकलल्यासारखा, सपाट, कोपर भलतीकडे. पुस्तकात 'असं करू नका' या मथळ्याखाली छापण्यालायक. पण जातो आत! आणि खरी कला शॉटमध्ये नाहीच, पासमध्ये आहे.

बहुतेक स्टार गार्ड चेंडू स्वतःजवळ ठेवतात. आपटत, डुलत, समोरच्याला खेळवत. हॅलिबर्टनला चेंडू हातात ठेवायचाच नसतो. रिबाउंड मिळाला की समोरचा संघ मागे वळायच्या आत त्याने चेंडू अर्ध्या कोर्टपलीकडे फेकलेला असतो. हवेत उडी मारून, वर असतानाच ठरवून, तो पास देतो. कोचिंग क्लासमध्ये याबद्दल कान पकडतात, कारण खाली येईपर्यंत कोणी मोकळं सापडलं नाही तर चेंडू गेला. याचा जात नाही. २०२३-२४ मध्ये दर मॅचला सरासरी १०.९ असिस्ट, लीगमध्ये सर्वाधिक. पुढच्या सीझनमध्ये ९.२ असिस्ट आणि टर्नओव्हर, म्हणजे चेंडू फुकट घालवणं, फक्त १.६. दिवसभरात शंभर पत्रं वाटायची आणि एकही चुकीच्या दारात टाकायचं नाही, असं काहीसं.

मग किंग्जने असा हिरा दिला का? कारण त्यांच्याकडे फॉक्स होता. तोही गार्ड, तोही चेंडू हातात लागणारा, लीगमधल्या सगळ्यात वेगवान खेळाडूंपैकी एक. एका स्वयंपाकघरात दोन सुगरणी आणि शेगडी एकच. ट्रेड झाला तेव्हा सॅक्रामेंटोतल्या लोकांनी डोक्याला हात लावला. हॅलिबर्टनलाही धक्का बसला होता, त्याला तिथेच राहायचं होतं. हे त्याने नंतर उघडपणे सांगितलंय.

आणि मग गंमत. पुढच्याच सीझनमध्ये, २०२२-२३ मध्ये, साबोनिसच्या हँडऑफभोवती फॉक्स आणि बाकीचे असे काही धावले की किंग्ज ४८ मॅचेस जिंकून पश्चिम विभागात तिसरे आले. सोळा सीझन्सनंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये! जिंकल्यावर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा लेझर सोडायचा रिवाज पडला. गावभर जांभळं. साबोनिस रिबाउंडमध्ये सलग तीन सीझन लीगमध्ये पहिला. पहिल्या फेरीत सातव्या मॅचमध्ये स्टीफन करीने ५० पॉइंट्स ठोकून त्यांना घरी बसवलं, पण ते करीचं कर्तृत्व.

तिकडे पेसर्सने हॅलिबर्टनच्या हातात सगळी शेगडीच दिली. पळा, तो चेंडू पोहोचवेल. २०२३-२४ मध्ये पेसर्सची सरासरी दर मॅचला १२३ पॉइंट्सच्या वर, लीगमध्ये सर्वाधिक. २०२५ च्या एप्रिलमध्ये 'द ॲथलेटिक'ने खेळाडूंचं गुप्त मतदान घेतलं, सगळ्यात जास्त डोक्यावर चढवलेला खेळाडू कोण? सर्वाधिक मतं हॅलिबर्टनला. लगेच प्लेऑफ सुरू झाले आणि या पठ्ठ्याने मिलवॉकी, क्लीव्हलंड, न्यूयॉर्क, ओक्लाहोमा, चारही संघांविरुद्ध शेवटच्या दोन सेकंदांत बास्केट मारून एकतर मॅच जिंकली, नाहीतर ओव्हरटाइमला नेऊन वाचवली! न्यूयॉर्कविरुद्धच्या चौथ्या मॅचमध्ये ३२ पॉइंट्स, १२ रिबाउंड, १५ असिस्ट आणि टर्नओव्हर शून्य. असा स्कोअरकार्ड प्लेऑफच्या इतिहासात आधी कोणाचाच नव्हता. फायनलच्या पहिल्या मॅचमध्ये पेसर्स पूर्ण वेळ मागे, आणि ०.३ सेकंद उरले असताना याचा शॉट. १११-११०. अख्ख्या मॅचमध्ये ते पुढे होते ते तेवढेच.

आता मला सांगा, या ट्रेडमध्ये जिंकलं कोण? तीन वर्षं अमेरिकेतल्या टॉक शोंमध्ये हीच भांडणं चालली. माझं मत विचाराल तर प्रश्नच चुकीचा आहे. साबोनिसशिवाय किंग्जचा तो जांभळा सीझन नाही, आणि फॉक्सच्या सावलीतून सुटल्याशिवाय हा हॅलिबर्टन नाही. २००४ मध्ये स्टीव्ह नॅशचं असंच झालं होतं. डॅलसने वय बघून त्याच्यासाठी पैसे सोडले नाहीत, तो फ्री एजंट म्हणून फिनिक्सला गेला. कोच माइक डी'अँटोनी म्हणाले, पळा. आदल्या वर्षी २९ मॅचेस जिंकलेला संघ ६२ जिंकला आणि तिशी उलटलेला नॅश सलग दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू. पास तेच, हात तेच. फक्त पळणारे मिळाले.

एक गोष्ट मात्र राहिली. २०२५ च्या त्या फायनलमध्ये पेसर्ससमोर होता ओक्लाहोमा सिटी थंडर. त्यांचा स्टार शे गिल्जस-अलेक्झांडर, तोही ट्रेड होऊन आलेला. आणि दोन्ही संघांची कुंडली एकाच माणसापाशी येऊन मिळते, पॉल जॉर्ज! २०१७ मध्ये पेसर्सने पॉल जॉर्ज ओक्लाहोमाला दिला, बदल्यात आले व्हिक्टर ओलाडिपो आणि साबोनिस. साबोनिसच्या बदल्यात पुढे हॅलिबर्टन. २०१९ मध्ये ओक्लाहोमाने तोच पॉल जॉर्ज लॉस एंजलिस क्लिपर्सला दिला, बदल्यात शे आणि ड्राफ्टच्या पिकांची रास. त्यातल्या एका पिकातून आला जेलन विल्यम्स, फायनलमधला त्यांचा दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू. म्हणजे दोन्ही घरं ज्याच्या पायगुणाने उभी राहिली तो पॉल जॉर्ज स्वतः फिलाडेल्फियाकडे, एकदाही चॅम्पियन न झालेला. हे दोन्ही ट्रेड पॉल जॉर्जने स्वतः मागून घेतले होते. नशीब नशीब म्हणतात ते हे.

'गद्दार' कोण?

खेळाडूने स्वतः जायचं ठरवलं की काय होतं? २०१० मध्ये लेब्रॉन जेम्सने टीव्हीवर तासाभराचा कार्यक्रम करून जाहीर केलं की करार संपलाय, मी मायामीला चाललो. कार्यक्रम उथळ होता, मान्य. पण क्लीव्हलंडमध्ये त्याच्या जर्सी जाळल्या गेल्या आणि संघमालकाने त्याच्यावर आगपाखड करणारं पत्र काढलं. तेही कॉमिक सॅन्स फाँटमध्ये! २०१६ मध्ये केव्हिन ड्युरँट ओक्लाहोमा सोडून गोल्डन स्टेटला गेला. पुन्हा जर्सी, पुन्हा काडेपेटी. या दोघांनी कोणाचा करार मोडला नव्हता. नोटीस पीरिअड पूर्ण करून नोकरी बदलली होती.

आता उलटी बाजू. आयझया थॉमस. उंची पाच फूट नऊ इंच. २०११ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटचा, साठावा. बोस्टनमध्ये २०१६-१७ च्या सीझनमध्ये या एवढ्याशा माणसाची सरासरी २८.९ पॉइंट्स. झाडांच्या रांगेतून खारीसारखा सरकायचा. त्या वर्षी प्लेऑफच्या आदल्या दिवशी त्याची धाकटी बहीण अपघातात गेली. दुसऱ्या दिवशी तो खेळला. ३३ पॉइंट्स. पुढच्या फेरीत तिच्या वाढदिवशी ५३. कंबर दुखावलेली असताना खेळत राहिला आणि त्यातच सीझन संपला. ऑगस्टमध्ये बोस्टनने त्याला क्लीव्हलंडला दिलं, कायरी अर्व्हिंगच्या बदल्यात. त्या कमरेने त्याला पुन्हा तसं खेळू दिलं नाही. बोस्टनच्या मॅनेजमेंटचा हिशोब बास्केटबॉल म्हणून चूक नव्हता, हेही खरं. पण यासाठी कोणी मॅनेजरचा कोट जाळल्याचं माझ्या वाचनात नाही.

याला अपवाद एकच मोठा. लुका डॉन्चिच. २०२५ च्या फेब्रुवारीत डॅलसने त्याला लॉस एंजलिस लेकर्सला दिलं, मुख्यतः अँथनी डेव्हिसच्या बदल्यात. लुका २५ वर्षांचा, आठ महिन्यांपूर्वी संघाला फायनलमध्ये नेलेला. त्याची कला काय सांगू? तो वेगवान नाही, उंच उडत नाही. त्याला थांबता येतं. पूर्ण वेगात असल्याचं भासवून तो असा ब्रेक लावतो की समोरचा पुढे निघून जातो आणि हा शांतपणे मागे सरकून थ्री मारतो. मुंबईत बस चालवणाऱ्यांना जमतं, बाकी फार थोड्यांना! त्या रात्री डॅलस रडलं. स्टेडियमबाहेर लोक जमले, नंतर प्रत्येक मॅचमध्ये जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांना काढा म्हणून घोषणा. एप्रिलमध्ये लुका लेकर्सच्या जर्सीत डॅलसला परत आला, त्याच्यावरची फिल्म दाखवली तेव्हा बेंचवर बसून ढसाढसा रडला आणि मग ४५ पॉइंट्स मारले. नोव्हेंबर २०२५ मध्ये हॅरिसन यांना खरंच काढलं.

पण भावना बाजूला ठेवून आकडे बघा. डॅलसमध्येच राहिला असता तर त्या उन्हाळ्यात लुकाला पाच वर्षांचा, साधारण साडेचौतीस कोटी डॉलरचा करार मिळू शकला असता. एवढा मोठा करार, काही अपवाद सोडले तर, ज्या संघात वाढलात त्याच संघाकडून मिळतो. तुम्ही नाही, तुमच्या संघाने तुम्हाला घालवलं तरी तो हक्क जातो! लेकर्सबरोबर ऑगस्टमध्ये त्याने तीन वर्षांचे साडेसोळा कोटी डॉलर घेतले. भिकेला लागला असं कोणी म्हणणार नाही. पण पुढच्या दोन वर्षांची हमी गेली, आणि या खेळात हमीची किंमत काय ते त्याच वर्षी दिसलं.

२२ जून २०२५. फायनलची सातवी मॅच. हॅलिबर्टनची पोटरी पाचव्या मॅचपासूनच दुखावलेली. तरी उतरला. पहिल्या क्वार्टरमध्ये तीन थ्री मारले, नऊ पॉइंट्स. मग चेंडू घेऊन पुढे झेप घेताना खाली कोसळला आणि जमिनीवर हात आपटायला लागला. उजव्या पायाचा अकिलिस टेंडन तुटला होता. पेसर्स १०३-९१ हरले. २०२५-२६ चा पूर्ण सीझन तो खेळणार नाही हे संघाने जुलैतच जाहीर केलं.

आणि त्याच जुलैमध्ये मायल्स टर्नर गेला. आठवतोय ना, वरळीत होता तो? त्या २०१९ च्या पेसर्सपैकी फायनलपर्यंत टिकलेले दोघेच, टर्नर आणि टी. जे. मॅकॉनेल. टर्नर दहा वर्षं एकाच संघात. उंच सेंटर असून बाहेरून थ्री मारायचा आणि आत येणाऱ्यांचे शॉट अडवायचा, दोनदा ब्लॉकमध्ये लीगमध्ये पहिला आलेला. या दहा वर्षांत ट्रेडच्या अफवांमध्ये त्याचं नाव इतक्यांदा आलं की पेपरवाल्यांनी कायमचा साचा करून ठेवला असावा. करार संपला, फ्री एजंट झाला आणि मिलवॉकीला गेला.

मिलवॉकीने त्याच्यासाठी जागा कशी केली? डेमियन लिलार्डला काढून. ज्या लिलार्डने अकरा वर्षं पोर्टलंडशी निष्ठा ठेवली, २०२३ मध्ये पहिल्यांदा तोंड उघडून मायामीला पाठवा म्हणाला आणि ज्याला पाठवलं मिलवॉकीला. एप्रिल २०२५ मध्ये त्याचाही अकिलिस तुटला, पेसर्सविरुद्धच खेळताना. त्याचे राहिलेले सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलर पाच वर्षांच्या हप्त्यांनी द्यायचं ठरवून मिलवॉकीने त्याला मोकळं केलं. तो मग स्वतःच्या पायाने, म्हणजे एका पायाने, पोर्टलंडला परत गेला. या अख्ख्या लेखातलं हे एकच स्थलांतर असं आहे की ज्यात दोन्ही बाजू खूश होत्या.

टर्नर नव्या जर्सीत पहिल्यांदा इंडियानापोलिसला खेळायला आला ३ नोव्हेंबर २०२५ ला. दहा वर्षं त्याच प्रेक्षकांसमोर खेळलेला माणूस. चेंडू त्याच्याकडे गेला की स्टेडियमभर हुर्यो. साबोनिसला याच गावाने, त्याला न विचारता, सॅक्रामेंटोला पाठवलं होतं, तेव्हा हुर्यो कोणाची उडाली होती?